तीन फेऱ्या, दोन टिचक्या

१

माझं काम लोकांच्या छातीत डोकावण्याचं. म्हणजे मी एक्स-रे वाचते. लहान लहान दवाखान्यांत काढलेले एक्स-रे इंटरनेटवरून माझ्या लॅपटॉपवर येतात, मी ते बघते, माइकमध्ये रिपोर्ट बोलते आणि पाठवून देते. दिवसाला साठ-सत्तर तरी होतात. पूर्वी यासाठी हॉस्पिटलच्या तळघरात बसावं लागायचं, आता घरातल्या मागच्या खोलीत बसते. खिडकीला जाड काळा पडदा आहे, कारण उजेडात एक्स-रेमधलं बारीकसारीक दिसत नाही. नवरा या खोलीला गुहा म्हणतो. तो स्वतः पुढच्या खोलीत बसून मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो. तिथे इतका उजेड असतो की गुहेत आल्यावर पहिली दोन मिनिटं तो दारातच चाचपडत उभा असतो.

आम्हा दोघांकडे वायरलेस माऊस आहेत. वायर गेली की कटकट गेली, असं दुकानदार म्हणाला होता. कटकट गेली नाही, फक्त जागा बदलून बसली. माऊस सापडला तर लॅपटॉपला लावायचा रिसीव्हर सापडत नाही, शेंगदाण्याएवढा तर असतो. दोन्ही सापडले तर सेल संपलेला. आणि तो संपतो नेमका रिपोर्टच्या मधोमध. मग आधी माऊस टेबलावर आपटायचा, मग सेल काढून तळहातावर चोळायचा, परत घालायचा, आणि एवढं करूनही ढिम्म राहिला तर हॉलमधल्या घड्याळातला सेल काढून आणायचा. त्यामुळे आमच्या घड्याळात वर्षातले निम्मे दिवस पावणेदोन वाजलेले असतात. शिवाय नवरा माऊसवर बसतो. सोफ्यावर माऊस ठेवून चहा आणायला उठतो आणि येऊन त्याच्यावरच बसतो. आतापर्यंत तीन मोडले.

माझा माऊस मात्र टिकून आहे. तो मुळात माझा नाहीच, सरांचा आहे.

सर म्हणजे मला एक्स-रे वाचायला शिकवणारे. रोज दुपारी साडेचारला ते आम्हा शिकाऊ डॉक्टरांना घेऊन बसायचे. दिव्याच्या काचेवर फिल्म लावायची, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एखाद्या जागेभोवती तीन फेऱ्या मारायच्या आणि म्हणायचं, "बोल." मग आपण बोलायचं. चुकलं की सर गप्प. पुन्हा चुकलं, पुन्हा गप्प. बरोबर आलं की पेन्सिल काचेवर दोनदा वाजायची, टक टक. उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडानं कधीच सांगितलं नाही. त्या गप्प बसण्यापायी मी किती वेळा रडकुंडीला आले असेन, याची गणती नाही.

पुढे फिल्म गेल्या आणि कॉम्प्युटर आले. सरांनी वर्षभर कुरकुर केली आणि मग निमूटपणे एक वायरलेस माऊस विकत आणला. तीन फेऱ्या तशाच राहिल्या, पेन्सिलीच्या जागी माऊसच्या दोन टिचक्या आल्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी कप्पा रिकामा केला तेव्हा कुणाला भिंग मिळालं, कुणाला मोजपट्टी. मला माऊस मिळाला. "याला मी वळण लावलंय," सर म्हणाले, "तू बिघडवू नकोस."

माझं वळण वेगळं आहे. मला फेऱ्या जमत नाहीत, मी रेघा मारते. काही चुकलेलं दिसलं की त्याच्याखाली दोन रेघा. नवऱ्याच्या किराणाच्या यादीत मारते, वर्तमानपत्रात मारते, एकदा लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर मारल्या होत्या आणि ती पत्रिका आमचीच होती. सर म्हणायचे, "तू डॉक्टर कसली, पेपर तपासणारी बाई आहेस."

२

त्या दिवशी दुपारी साडेचारला मी चहा आणायला उठले. परत आले तेव्हा स्क्रीनवर एका बस ड्रायव्हरचा एक्स-रे तसाच उघडा होता. पाहून झाला होता, सगळं ठीक होतं, रिपोर्ट पाठवायचा तेवढा राहिला होता. माऊसचा बाण मी पाठवायच्या बटणावर ठेवून गेले होते. आता तो एक्स-रेच्या मधोमध होता.

टेबलाला धक्का लागला असेल म्हणून मी बसले. चहाचा घोट घेतला. आणि माझे दोन्ही हात कपाभोवती असताना बाण हलला.

माऊसवर हात नसताना बाण हलणं यात जगावेगळं काही नाही. चकचकीत टेबलावर तो थरथरतो, सेल उतरला की उड्या मारतो. पण हा थरथरला नाही. तो सावकाश, एकसारखा, गोल फिरला. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. मग थांबला. पलीकडच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज येत होता, "कंसाबाहेर काय आहे ते आधी बघा." बाकी खोलीत फक्त लॅपटॉपच्या पंख्याची घरघर होती.

बाण थांबला होता ती जागा हृदयाच्या सावलीत होती. एक्स-रेमध्ये हृदय पांढरं दिसतं, त्याच्यामागे काही असलं तर सहज निसटतं. मी उजेड कमी केला, चित्र मोठं केलं. पांढऱ्यात पांढरा, हरभऱ्याएवढा डाग होता.

मी रिपोर्ट बदलला. आठ दिवसांनी त्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, काय नजर आहे तुमची! आणखी सहा महिने गेले असते तर ड्रायव्हरसाहेबांचं काही खरं नव्हतं." मी म्हटलं, "अहो, कामच आहे आमचं." नजर कुणाची होती, हे काही सांगितलं नाही.

३

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. त्याला कोडं दिसलं की जेवण सुचत नाही.

"अगं, सोपं आहे," तो म्हणाला. "माझ्या माऊसचे सिग्नल तुझ्याकडे येत असणार. साडेचारला माझी बॅच असते. मी तिकडे वर्तुळाची व्याख्या शिकवतोय आणि तुझा बाण इकडे वर्तुळं काढतोय."

ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला जास्तीचं बिस्कीट दिलं. मग आम्ही प्रयोग केला. तो तिकडे बसून माऊस गरागरा फिरवायला लागला, मी इकडे स्क्रीनकडे बघत राहिले.

"हलला का?"

"नाही!"

"आता?"

"नाही रे!"

"आता तर हललाच असेल. मी उभा राहून फिरवतोय!"

बाण काही हलला नाही. मग त्यानं टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला, माऊसखाली जुनं पाकीट ठेवलं, लॅपटॉपचा टचपॅड पुसला, शेजारच्यांचं वॉशिंग मशीन कधी चालतं ते विचारून आला. शेवटी माऊस उलटा करून त्यानं त्याच्या पोटातला सेल काढला आणि माझ्यासमोर धरला.

"आता हलू दे बरं! ताकद कुठून आणेल?"

बाण हलला नाही. तेव्हा सहा वाजून गेले होते. नवरा विजयी चेहऱ्यानं सेल घेऊन गेला आणि हॉलमधलं घड्याळ चालू झालं.

"आणि तू जरा कमी बोलत जा," जाता जाता तो म्हणाला. "घसा बघ तुझा. कावळ्याला बरं म्हणावं लागेल."

माझा आवाज गेले दोन-तीन महिने बसलेला होता. दिवसभर माइकमध्ये बडबडून दुसरं काय होणार? लग्नानंतर घरात इतकी शांतता पहिल्यांदाच आहे, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

४

दुसऱ्या दिवशी मी टचपॅडवरच काम केलं. माऊस टेबलाच्या कडेला उताणा पडला होता, पोटाचं झाकण उघडं, सेलची खाच रिकामी. रिसीव्हर लॅपटॉपलाच राहिला होता, तो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

साडेचारला एका शिक्षिकेचा एक्स-रे उघडला. बाण माझ्या बोटाखालून निसटला, उजव्या खांद्याकडे गेला आणि कॉलर बोनच्या मागे, वरच्या टोकाला, तीन फेऱ्या मारून थांबला.

मी उताण्या माऊसकडे बघितलं. खाच रिकामीच होती.

मला घाम फुटला नाही, किंचाळले नाही, काही नाही. मानेवरचे केस मात्र एकेक करून उभे राहिले, ते मला मोजता आले असते. पडद्याच्या फटीतून उजेडाची एक बारीक पट्टी जमिनीवर पडली होती, तिच्याकडे मी बराच वेळ बघत बसले. बाहेर दिवसाढवळ्या कुणीतरी स्कूटर पुसत होतं, फडक्याचा आवाज येत होता. मनाशी म्हटलं, बाई, टचपॅडवर ओला हात लागला असेल. मग म्हटलं, ओला हात वर्तुळं काढत नाही.

आणि मग माझ्या तोंडून आपोआप शब्द निघाले. इतक्या वर्षांची सवय. समोर तीन फेऱ्या झाल्या की बोलायचं असतं.

"जुना क्षय," मी म्हटलं. "बरा झालेला, व्रण राहिलेला."

काही नाही.

मी चित्र मोठं केलं. "व्रण नाही. आत पोकळी आहे. म्हणजे... रोग अजून जिवंत आहे."

टक टक.

माऊसचा आवाज होता तो. त्याचं डावं बटण जुनं आहे, जरा मोठ्यानं वाजतं. माऊस उताणा होता म्हणून बटण मला दिसत नव्हतं, पण दोनदा तो टेबलावर एवढासा उचलला गेला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

मी नवऱ्याला हाक मारणार होते. मारली नाही. का नाही मारली, ते सांगते, हसायचं तर हसा. मला आनंद झाला होता. माझं उत्तर बरोबर आलं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यांत छान दिवस होते. साडेचार वाजले की मी सगळे कठीण एक्स-रे बाजूला काढून ठेवायची. रोज एखाद-दुसऱ्यावर बाण फिरायचा. मी बोलायची, चुकायची, पुन्हा बोलायची. माझी नजर धारदार झाली म्हणून चार दवाखान्यांनी मला कौतुकाचे निरोप पाठवले. भीती वाटायची का? वाटायची की. पाठीमागे कुणी उभं नाही ना, हे मी रोज वळून बघायची, आणि मग खुर्ची पुढे ओढून बसायची. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. त्यानं रिसीव्हर उपटून फेकला असता.

५

एका मंगळवारी बाण हलला नाही.

बुधवारी नाही, गुरुवारी नाही. मी माऊस सुलटा ठेवून पाहिला, उताणा ठेवून पाहिला, त्याला उगाच पुसला. शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला. एका आजोबांच्या बरगडीतली चीर माझ्या नजरेतून सुटली होती. आजोबांना फार काही झालं नाही. चूक लहान होती, मला कळलं ते वेगळंच होतं. आधार गेला होता.

तेव्हा पहिल्यांदा मी स्वतःला विचारलं, की अगं, सर कसे आहेत?

दोन वर्षं मी त्यांना फोन केला नव्हता. त्यांना झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली, मुलीकडे राहायला नेलं, एवढं कानावर होतं. त्यांची मुलगी आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. भेटायला जाऊ, जाऊ म्हणत दोन वर्षं गेली. ताईचं गाव रेल्वेनं अख्ख्या दिवसाच्या वाटेवर. मला स्वतःची इतकी लाज वाटली की नंबर शोधून ठेवला तरी फोन करायला पुढचा मंगळवार उजाडला.

६

दुपारी सव्वाचारला मी लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावला. नवऱ्याची बॅच सुरू व्हायची होती, तो पलीकडे खुर्ची सरकवत होता.

"अगंबाई, तू!" ताईचा चेहरा स्क्रीनभर आला. केस पांढरे झाले होते. "किती दिवसांनी! आणि आवाज काय झालाय तुझा?"

"बोलून बोलून बसलाय. ताई, सर कसे आहेत?"

"आहेत. खातात, झोपतात. ओळखत नाहीत गं कुणाला." तिनं फोन हातात घेतला आणि चालायला लागली. स्क्रीनवर भिंत गेली, दार गेलं, एका खोलीचा उजेड आला. "मध्यंतरी एक चमत्कारिक गोष्ट झाली. उजवा हात हलायला लागला. डॉक्टर म्हणाले होते आता हा हलणार नाही, आणि महिन्याभरापूर्वी एकदम सुरू. पण कामाचं काही नाही. चादरीवर नुसता फिरत राहतो."

"कसा फिरतो?" मी विचारलं. ते मला माहीत होतं.

"गोल. दुपारी चहाच्या वेळेला. मग बोट आपटतात. बघवत नाही गं. चादर घासून घासून कातडं सोललं, म्हणून गेल्या मंगळवारपासून पट्टीनं हात पलंगाला बांधून ठेवतो. बांधलं की डोळ्यांतून पाणी काढतात, पण करणार काय?"

तिनं फोन उशाजवळ टेकवून ठेवला. सर दिसले. किती लहान झाले होते! डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. उजवं मनगट पांढऱ्या पट्टीनं पलंगाच्या कडेला बांधलेलं होतं. आणि पट्टीच्या आत बोटं हलू बघत होती.

"ताई," मी म्हटलं, "पट्टी सोड."

"अगं, पण..."

"दोन मिनिटं सोड. माझ्यासाठी."

ताईनं गाठ सोडली. हात चादरीवर पडला. थोडा वेळ तसाच राहिला. इकडे माझ्या टेबलावर माऊस होता, सुलटा, पोट रिकामं. पलीकडच्या खोलीत नवरा मुलांची हजेरी घेत होता. साडेचार वाजले.

सरांचा हात सरकला. माझ्या स्क्रीनवरचा बाण सरकला.

मला वाटलं होतं, आता तो त्यांच्याकडे जाईल, मला काहीतरी दाखवेल, त्यांचं दुखतंय कुठे ते सांगेल. बाण त्यांच्यावरून सरळ पुढे गेला. कोपऱ्यात गेला. व्हिडिओ कॉलमध्ये आपलं स्वतःचं चित्र कोपऱ्यात लहान चौकटीत दिसत असतं, तिथे. चौकटीत मी बसले होते, मागे काळा पडदा होता. बाण माझ्या हनुवटीखाली आला आणि माझ्या गळ्याभोवती फिरला. तिकडे चादरीवर हात फिरत होता. एक, दोन, तीन.

दोन्ही थांबले.

"बघितलंस?" ताई म्हणाली. "हे असं."

समोर तीन फेऱ्या झाल्या होत्या. गप्प बसून सुटका नव्हती, सरांसमोर कधीच नव्हती.

"घसा बसलाय," मी म्हटलं. "बोलून बोलून."

छताकडे बघणारे डोळे हलले नाहीत. हातही नाही.

"सूज असेल. सर्दीची."

काही नाही. पूर्वी असंच व्हायचं. घड्याळाची टिकटिक ऐकू यायची आणि आपल्याला खरं उत्तर माहीत असायचं, फक्त ते म्हणायचं नसायचं. मी हात वर केला. स्वतःचा गळा चाचपला. हजारो लोकांच्या आत डोकावलेली मी बाई, आणि तीन महिन्यांत एकदाही स्वतःच्या गळ्याला बोट लावलं नव्हतं. डाव्या बाजूला, खाली, गिळताना काहीतरी वर-खाली झालं. कडक होतं.

"थायरॉइड," मी म्हटलं. "गाठ आहे. साधी नाही."

ताईच्या खोलीत सरांचं बोट उचललं गेलं. माझ्या टेबलावर, माझ्यापासून वीतभर अंतरावर, माऊसचं डावं बटण खाली गेलं आणि वर आलं. पुन्हा खाली गेलं आणि वर आलं.

टक टक.

"बाबा!" ताई म्हणत होती. "अहो बाबा, इकडे बघा ना, कोण आलंय!"

७

गाठ साधी नव्हती. पण लवकर सापडली होती, आणि माझा सर्जन मित्र म्हणाला की गाठ निवडायचीच असेल तर हीच निवडावी, इतकी ही समजूतदार असते. "तुला शंका कशी आली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "सरांनी दाखवली." त्याला वाटलं, मी शिकवणीबद्दल बोलतेय. तोही भावुक झाला.

ऑपरेशन नीट झालं. फक्त आठ दिवस एक अक्षर बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. नवऱ्यानं मला एक वही आणि पेन आणून दिलं, आणि संसाराची इतकी वर्षं तो या आठवड्याची वाट बघत होता, असं जाहीर केलं. मी वहीत जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

ताईचा निरोप आला होता. सरांचा हात त्या दिवसापासून शांत आहे. चादरीवर नुसता पडलेला असतो, पट्टीची गरज लागत नाही. डोळ्यांतून पाणीही काढत नाहीत, झोप लागते. तो निरोप वाचून मी उशीत तोंड खुपसून रडले. दोन वर्षं ज्यांना एक फोन केला नाही, ते माझ्यासाठी कातडं सोलेपर्यंत शिकवत होते. बरी झाले की पहिल्या गाडीनं जाणार आहे, तिकीट काढून ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी बॅचला सुट्टी देऊन नवरा हॉस्पिटलात आला. खुर्ची ओढून बसला, माझ्या फळांतलं एक सफरचंद त्यानं स्वतःच खायला घेतलं.

"काल एक गंमत झाली," तो म्हणाला. "माझा माऊस मोडला."

मी वहीत लिहिलं, 'बसलास?'

"बसलो. म्हणून तुझा घेतला. घड्याळातला सेल घातला त्यात. साडेचारच्या बॅचला स्क्रीनवरच्या बोर्डवर समीकरण सोडवत होतो, मुलं बघत होती. मी पाणी प्यायला ग्लास उचलला, आणि ऐक हं, बाण आपला आपण निघाला. मला वाटलं, आता गोल फिरतो की काय, तुझ्याकडे फिरला तसा. पण नाही. तिसऱ्या ओळीखाली गेला आणि एक रेघ मारली. डावीकडून उजवीकडे, सरळ. मग तिच्याखाली दुसरी."

तो हसत होता.

"आणि कहर म्हणजे ती ओळ खरंच चुकली होती! उणे चिन्ह राहून गेलं होतं. मुलं म्हणाली, सर, तुमचा माऊस तुमच्यापेक्षा हुशार आहे."

मी हसले नाही. त्याचंही हसू मग हळूहळू उतरलं. सफरचंद त्याच्या हातात तसंच राहिलं.

"दोन रेघा," तो म्हणाला. "अगं, दोन रेघा तर..."

तेवढ्यात नर्सबाई आल्या. मोठ्या आवाजाच्या, हसऱ्या, कामसू बाई. सलाईनची नळी बघितली, माझ्या उजव्या हाताची पट्टी बघितली.

"आज सुई जागेवर आहे ना? छान," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, काल काय केलं माहितीये यांनी? दुपारी गाढ झोपल्या होत्या, आणि हा हात आपला चादरीवर चाललाय, असा डावीकडून उजवीकडे. एकदा झाला, परत दुसऱ्यांदा. सुई निघाली ना! मी म्हटलं, बाई झोपेत पोळ्या लाटताहेत की काय!"

"किती वाजता?" नवऱ्यानं विचारलं.

"साडेचारच्या सुमाराला. माझी ड्युटी बदलायच्या आधी."

नवऱ्यानं माझ्या हाताकडे बघितलं. मीही बघितलं. पांढऱ्या चादरीवर तो शहाण्यासारखा पडलेला होता. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

नर्सबाईंनी ट्रेमधून मऊ पट्टीची गुंडाळी उचलली.

"आज परत नको व्हायला," त्या म्हणाल्या. "हात पलंगाला बांधून ठेवू का जरा वेळ?"

मला बोलायची बंदी होती. मी डाव्या हातानं वही ओढली, उजव्यात पेन धरलं, पानभर मोठ्या अक्षरांत 'नको' लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.